ट्रेलर ओढणारे अवजड पिकअप ट्रक : हाताचा गिअरबॉक्स निवडताना नेमके कोणते गुणोत्तर पाहावे?

दोरखंड
मला ट्रेलर ओढण्यासाठी जुना डिझेल पिकअप ट्रक घ्यायचा आहे आणि तो हाताने गिअर टाकायचाच हवा, एवढे ठरलेले आहे. फिफ्थ व्हील ट्रेलर (ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा) भरल्यावर ट्रकसह एकूण वजन १६,००० पाउंडांच्या आसपास जाईल. प्रवासाचा मोठा भाग कोलोरॅडोतल्या आय-७० महामार्गावर, म्हणजे आयझेनहॉवर बोगद्याच्या दोन्ही अंगांच्या चढ-उतारांवर होईल. समोर तीन पर्याय आहेत. पहिला १९९७ चा डॉज, १२ व्हॉल्व्हचे कमिन्स इंजिन आणि पाच गिअरचा एनव्ही ४५००. दुसरा २००२ चा डॉज, हाय आउटपुट कमिन्स आणि सहा गिअरचा एनव्ही ५६००. तिसरा २०१३ नंतरचा रॅम, ६.७ लिटरचे इंजिन आणि मर्सिडीझचा सहा गिअरचा जी५६.

तिन्ही विक्रेते पहिल्या गिअरचेच कौतुक सांगतात. त्यांची गुणोत्तरे, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे, अनुक्रमे ५.६१, ५.६३ आणि ५.९४ आहेत. पहिला गिअर जितका खोल, म्हणजे गुणोत्तर जितके मोठे, तितका ट्रक ओढायला चांगला, असा माझा आजवरचा समज आहे. तो कितपत खरा आहे?

गोफण
संपूर्ण घाट पहिल्या गिअरमध्ये चढण्याचा बेत असेल तर खरा आहे. मात्र मागच्या वाहनांच्या रांगेला तो बेत आधी कळवून ठेवावा.

लोखंडी पाटा
गोफण यांनी थट्टेत सांगितले असले तरी मुद्दा तोच आहे. पहिला गिअर फक्त ट्रक हलवण्यापुरता असतो आणि या तिन्ही गिअरपेट्यांमध्ये तो पुरेसा खोल आहे. १६,००० पाउंड घेऊन घाटात तुमचा कस लागणार तो ताशी ३५ ते ५५ मैलांच्या पट्ट्यात, आणि तेथे पाहायचे ते सरळ गिअर (१.०० चा) व त्याच्या खालचा गिअर यांच्यातले अंतर.

एनव्ही ४५०० चे गिअर ५.६१, ३.०४, १.६७, १.०० आणि ०.७५ असे आहेत. एनव्ही ५६०० चे ५.६३, ३.३८, २.०४, १.३९, १.०० आणि ०.७३. आता मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.५४ धरा आणि टायर मैलाला सुमारे ६५० फेरे घेणारा धरा. ताशी ५० मैलांवर सरळ गिअरमध्ये इंजिन १९२० आरपीएमच्या आसपास फिरेल. वजन ६ टक्के चढावर वर नेण्यासाठीच सुमारे १२८ अश्वशक्ती लागते. त्यात टायरांचा आणि उंच ट्रेलरवर येणाऱ्या वाऱ्याचा रोध मिळवला की मागणी १७५ ते २०० पर्यंत जाते. १२ व्हॉल्व्हच्या त्या इंजिनाचा कमाल टॉर्क ४४० पाउंड-फूट आहे. तो पूर्ण मिळाला असे मानले तरी १९२० आरपीएमवर १६१ अश्वशक्तीच निघते. त्यामुळे वेग उतरू लागतो. आपण तिसरा टाकायला जातो, तर ५० मैलांवर तिसऱ्यात इंजिनाला ३२०० फेरे घ्यावे लागतील, जे त्या इंजिनाला झेपणारे नाही. २५०० आरपीएमच्या आत तिसरा घ्यायचा, तर वेग ३९ मैलांपर्यंत पडू द्यावा लागतो. ५० आणि ३९ यांच्या मध्ये तुमच्याजवळ कामाचा गिअरच नाही.

एनव्ही ५६०० मध्ये त्याच जागी १.३९ चा चौथा गिअर आहे. ५० मैलांवर तो टाकला की इंजिन २६६५ च्या आसपास जाते, म्हणजे जेथे त्याची अश्वशक्ती सर्वाधिक असते तेथेच. पाच आणि सहा गिअरमधला खरा फरक हा आहे. विक्रेते त्याविषयी बोलत नाहीत, कारण जाहिरातीत १.३९ हा आकडा ५.६३ इतका भारदस्त दिसत नाही.

चाकोरी
लोखंडी पाटा यांना पूर्ण अनुमोदन. पाच गिअरचा ट्रक मी बरीच वर्षे चालवला आहे. चढावर तिसऱ्यात इंजिन किंचाळते आणि चौथ्यात त्याचा दम तुटतो, हा अनुभव त्या ट्रकच्या प्रत्येक मालकाला असतो. एकदा वेग पडला की तिसऱ्यातच मुक्काम करून उजव्या मार्गिकेतून निमूटपणे वर जावे. मधेच रस्ता थोडा सपाट झाला म्हणून चौथा टाकण्याचा मोह धरला की पुढच्या वळणावर पुन्हा तीच कसरत करावी लागते.

जुना मिस्त्री
ही पोकळी कोठून आली ते सांगतो. १९६८ ते १९९१ या काळात जनरल मोटर्सच्या ट्रकांत एसएम ४६५ ही चार गिअरची पेटी असे. तिची गुणोत्तरे ६.५५, ३.५८, १.७० आणि १.०० होती. आता एनव्ही ४५०० चा वरचा ओव्हरड्राइव्ह (एकापेक्षा कमी गुणोत्तराचा ०.७५ चा गिअर) झाका आणि उरलेले चार आकडे पाहा. घडण तीच आहे. फोर्डमध्ये येणारी झेडएफची पाच गिअरची पेटी घेतली तरी ५.७२, २.९४, १.६१, १.०० आणि ०.७७ असेच चित्र दिसते. पाचवा गिअर आला तो महामार्गावर इंजिनाचे फेरे आणि डिझेल वाचवण्यासाठी. चढावरच्या कामाची मांडणी जुन्या चार गिअरचीच राहिली. जुन्या पेटीतला पहिला गिअर तर शेतात कासवगतीने चालण्यासाठी होता आणि रस्त्यावर माणसे दुसऱ्यातच निघत, म्हणजे प्रत्यक्षात तीनच गिअरवर सगळा संसार. मधल्या जागेत एक गिअर वाढवला तो सहा गिअरच्या पेट्यांनी, आणि तो योग्य ठिकाणी वाढवला.

थंड डिझेल
लोखंडी पाटा यांच्या गणिताविषयी तक्रार नाही, परंतु तुलनेविषयी आहे. १९९७ च्या इंजिनाचा टॉर्क ४४० पाउंड-फूट आणि २००२ च्या हाय आउटपुटचा ५०५. दुसऱ्या ट्रकने त्याच १९२० आरपीएमवर सरळ गिअरमध्येच १८५ अश्वशक्ती दिली, तर चौथा टाकण्याची वेळच कमी येईल. म्हणजे दुसऱ्या ट्रकच्या श्रेयातला मोठा वाटा इंजिनाचा आहे आणि तुम्ही तो सगळा गिअरबॉक्सच्या नावावर जमा केला आहे.

हाच तर्क पुढे नेला तर २०१३ नंतरच्या रॅमला ही पोकळी जाणवणारही नाही. त्यात हाताच्या पेटीबरोबर ६६० पाउंड-फूट मिळतात. ३.७३ च्या ॲक्सलसह ५० मैलांवर सरळ गिअरमध्ये इंजिन २०२० आरपीएमवर असते आणि टॉर्क टिकला तर २५० अश्वशक्ती हाती असते. टॉर्क मुबलक असेल तर गिअरांमधले अंतर माफ होते.

लोखंडी पाटा
श्रेयाच्या वाटणीविषयीचे म्हणणे मान्य आहे. तरीही एक भर घालतो. टर्बो असलेल्या डिझेलमध्ये गिअर बदलल्यावर इंजिन किती फेऱ्यांवर उतरते याला वेगळे महत्त्व आहे. २४०० वर गिअर वर टाकला, तर एनव्ही ४५०० मध्ये दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन १३२० च्या आसपास आपटते. तेथे टर्बोचा दाब जमलेला नसतो, आणि तो जमेपर्यंत ट्रक चढावर वेग हरवून बसतो. एनव्ही ५६०० मध्ये तोच बदल सुमारे १४५० वर आणि तिसऱ्यातून चौथ्यातला १६३५ वर उतरतो. टॉर्क कितीही असो, तो त्या क्षणी हाताशी नसेल तर कागदावरच राहतो.

दोन पेडल
मूळ प्रश्नकर्त्याने ऑटोमॅटिकला दारातच उभे केले आहे, तरी बोलतो. तुम्ही सगळे पहिल्या गिअरच्या ज्या ५.९४ विषयी बोलत आहात, त्याच रॅममध्ये ६८आरएफई या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ३.२३ आहे. हाताच्या पेटीतला दुसरा ३.२८ आहे, म्हणजे जवळजवळ तेवढाच. तरीही ऑटोमॅटिक वजन घेऊन आरामात निघते, कारण निघतेवेळी टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून जोर पोहोचवणारा भाग) इंजिनाचा टॉर्क दुपटीच्या आसपास वाढवून देतो आणि वेग येईल तशी ही वाढ आपोआप ओसरते. शिवाय या वाढीत काही जळत नाही, फक्त तेल तापते आणि ते कूलरमध्ये निवते. क्लचवाल्यांकडे तेच काम अस्तर झिजवून होते.

आणि गिअरांमधल्या पोकळीचे म्हणाल, तर २०२० पासून फोर्ड सुपर ड्यूटीत दहा गिअर येतात.

गोफण
दोन पेडल यांनी दहा गिअर म्हटल्याबरोबर धाग्यातल्या निम्म्या सदस्यांचा डावा पाय अस्वस्थ झाला असेल.

थंड डिझेल
दोन पेडल यांच्या प्रतिसादाला इतिहासाची जोड देतो. १९९६ ते १९९८ च्या डॉजमध्ये १२ व्हॉल्व्हचे कमिन्स हाताच्या पेटीबरोबर २१५ अश्वशक्तीचे आणि ऑटोमॅटिकबरोबर १८० चे मिळत असे, कारण तेव्हाची ऑटोमॅटिक पेटी अधिक जोर सोसत नव्हती. २००१-०२ चे २४५ अश्वशक्तीचे हाय आउटपुट इंजिन तर सहा गिअरच्या हाताच्या पेटीबरोबरच मिळे. पुढे पारडे फिरले. २०१८ मध्ये रॅमच्या हाताच्या पेटीसाठी ६६० पाउंड-फूट, ६८आरएफईसाठी ८०० आणि आयसिन ऑटोमॅटिकसाठी ९३० अशी वाटणी होती. एकाच इंजिनाला हाताच्या पेटीसाठी मुद्दाम आवरून धरलेले होते.

जनरल मोटर्सने अवजड पिकअपमधून हाताची पेटी २००६ नंतर काढली, फोर्डने २०१० नंतर आणि रॅमने २०१८ नंतर. तेव्हापासून अमेरिकेत असा नवा ट्रक मिळत नाही.

दोरखंड
इंजिनाला आवरून का धरावे लागले? पेटी तेवढी कमकुवत होती काय?

जुना मिस्त्री
पेटी हे एक कारण आहे, परंतु मला मोठे कारण क्लच वाटते. क्लच किती टॉर्क पेलेल हे अस्तराचे घर्षण, प्रेशर प्लेटचा दाब, तबकडीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या यांवर ठरते. त्रिज्या घंटीच्या आकाराच्या आवरणात मावेल एवढीच ठेवता येते. दाब वाढवला तर पेडल इतके जड होते की गर्दीत चालवणाऱ्याचा गुडघा बोलू लागतो. तबकड्या दोन केल्या तर टॉर्क पेलतो, पण खडखड वाढते आणि सावकाश सुटणे अवघड होते. अवजड मालट्रकचा चालक हे सगळे सोसतो, कारण तो त्याचा पेशा आहे. पिकअपचा ग्राहक सोसत नाही. त्यात प्रत्येक इंजिन आणि पेटीच्या जोडीची उत्सर्जनाची वेगळी मान्यता घ्यावी लागते, आणि घेणारे मोजके असले की तो खर्च कंपनीच्या हिशेबात बसत नाही.

जी५६ विषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, तिच्यात कारखान्यातून दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील येते. त्याच्या आतल्या स्प्रिंगा इंजिनाचे झटके गिळतात आणि पेटी शांत राहते. ते थकले की अनेक मालक एकसंध फ्लायव्हील बसवतात, ते टिकते खरे, परंतु न्यूट्रलमध्ये गिअरांचा खुळखुळाट ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. हा आवाज बिघाडाचा नसतो. दुसरी, सुरुवातीच्या म्हणजे २००५ च्या सुमाराच्या जी५६ ची गुणोत्तरे वेगळी होती. पहिला ६.२९ आणि सहावा ०.७९ होता, नंतरच्यांत ते ५.९४ आणि ०.७४ झाले. सुटे भाग मागवताना हा फरक डोक्यात असावा.

एनव्ही ४५०० घेणार असाल तर पाचव्या गिअरची नट तपासून घ्या. कमिन्सच्या फिरत्या झटक्यांनी डॉजमधील या पेटीची ती नट सैल होते आणि पाचवा गिअर शाफ्टवर मागे सरकून निकामी होतो, ही जुनी आणि सर्वश्रुत खोड आहे. पक्की बसणारी सुधारित नट मिळते. ती बसवल्याची पावती विक्रेत्याकडे असेल तर उत्तमच. तेलही योग्य हवे. पिवळ्या धातूच्या सिंक्रोनायझरला (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) सोसेल असे जीएल-४ श्रेणीचे सिंथेटिक तेल त्यात घालतात. डिफरन्शियलचे उरलेले तेल कोणी ओतले असेल तर गिअर टाकताना ते हाताला कळते.

चाकोरी
आतापर्यंत सगळे चढावर बोलले. बोगद्यापासून डेन्व्हरकडे जाणारा उतार चढापेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे, म्हणून लिहिते. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसल्यामुळे नुसता पाय उचलून फारसा रोध मिळत नाही. २००७ नंतरच्या ६.७ लिटर कमिन्समध्ये टर्बोच्याच साहाय्याने चालणारा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर पडणारा वायू अडवून रोध देणारा) कारखान्यातून येतो. जुन्या दोन्ही ट्रकांवर तो आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेला आहे का, ते पाहावे लागेल.

एक्झॉस्ट ब्रेकचा जोर इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. म्हणून उतारावरही मधला गिअर लागतोच. सरळ गिअरमध्ये फेरे अपुरे पडून ट्रक पळू लागतो, आणि त्याखालचा गिअर फार खोल असेल तर तो टाकण्याइतका वेग कमी करण्यासाठी आधी चाकांचे ब्रेक तापवावे लागतात. लोखंडी पाटा यांची पोकळी उतरतानाही त्याच जागी भेटते. उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर निवडावा. उतारावर मध्येच क्लच दाबून गिअर शोधत बसणे म्हणजे त्या काही क्षणांसाठी इंजिनाचा सगळा रोध सोडून देणे, आणि १६,००० पाउंड तेवढ्यात बराच वेग घेतात.

वाटसरू ९
थोडे विषयांतर करतो, परंतु ट्रेलरवाल्यांसाठी उपयोगाचे आहे. क्लच जळतो तो चढावर कमी आणि ट्रेलर मागे घेताना अधिक. उतरत्या जागेतून वरच्या दिशेला ट्रेलर मागे रेटताना माणूस सतत हाफ क्लचवर असतो. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक असेल तर ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीची) लो रेंज वापरावी. २.७२ ची लो रेंज टाकली की क्लच पूर्ण सोडूनही ट्रक मुंगीच्या गतीने मागे जातो.

अडचण एवढीच की लो रेंजमध्ये पुढचा ॲक्सलही जोडला जातो आणि कोरड्या डांबरावर वळताना सगळी यंत्रणा आखडते. फोर्ड सुपर ड्यूटीवर पुढची चाके ॲक्सलला जोडणारे, हाताने फिरवायचे हब असतात, ते मोकळे ठेवले तर लो रेंज मिळते आणि फिरतात मागचीच चाके. अशा वेळी सगळा जोर मागच्या ॲक्सलवर येतो, म्हणून पायाला आवर घालावा.

गोफण
वाटसरूजी, ट्रेलर मागे घेताना क्लचइतकेच लग्नही तापते, हा मुद्दा राहिला.

दोरखंड
सर्वांचे आभार. पहिल्या गिअरचे खूळ डोक्यातून गेले. आता अडचण वेगळी आहे. १९९७ चा ट्रक सर्वांत सांभाळलेला आहे, इंजिन साधे आहे, आणि मला स्वतः दुरुस्ती करता येईल असा तोच आहे. पाच गिअरची पोकळी ॲक्सल बदलून भरता येईल काय? आणि आधीच्या मालकाने ३५ इंची टायर चढवले आहेत, त्याने काय फरक पडेल?

लोखंडी पाटा
पोकळी भरत नाही, तिची जागा सरकते. ४.१० च्या ॲक्सलवर, मूळ टायरांसह, ५० मैलांना सरळ गिअरमध्ये इंजिन १९२० ऐवजी २२२० वर असेल. तेथे ते अधिक अश्वशक्ती देईल आणि सरळ गिअर बराच काळ टिकेल. बदल्यात तिसरा आणखी खाली जाईल, म्हणजे २५०० आरपीएमच्या आत तो ३४ मैलांवर मिळेल. तुमच्या वजनाला माझ्या मते हा सौदा चांगला आहे, कारण बराचसा चढ सरळ गिअरमध्ये निघेल. रिकाम्या ट्रकने ६५ मैलांवर ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन २१६५ च्या आसपास फिरेल, ३.५४ वर ते १८७० असते. डिझेल थोडे जास्त जाईल आणि कानही थोडे अधिक भरतील.

टायरांनी मात्र हे सगळे उलटे होते. मूळ टायर साडेएकतीस इंचांच्या आसपासचा असतो. ३५ इंची टायर लावला की प्रत्येक गुणोत्तर सुमारे १० टक्क्यांनी उथळ होते, आणि ३.५४ चा ॲक्सल ३.२ असल्यासारखा वागतो. वजन ओढायचे असेल तर ॲक्सल उघडण्याआधी टायर मूळ मापाचे करावेत.

थंड डिझेल
याच्याशी सहमत आहे. त्याबरोबर ओव्हरड्राइव्हमध्ये वजन ओढू नये, हेही जोडतो. सरळ गिअरमध्ये शक्ती आत येणाऱ्या शाफ्टवरून थेट बाहेर जाते, ओव्हरड्राइव्हमध्ये ती खालच्या शाफ्टवरच्या दातांतून फिरून येते, आणि पेटी तापते ती तेथे. फेरे कमी दिसतात म्हणून पाचव्यात रेटणाऱ्यांनी आधी त्या नटेचा विचार करावा.

तरीही निवड माझ्यावर असती तर मी २००२ चाच घेतला असता.

दोन पेडल
आणि मी चौथाच पर्याय शोधला असता, पण तो कोणता ते सांगायची सोय नाही.

जुना मिस्त्री
१९९७ च्या ट्रकचा ॲक्सल खरेच ३.५४ चा आहे का, हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर ठरवू नका. डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टला पत्र्याची छोटी चकती असते, तिच्यावर गुणोत्तर कोरलेले असते. ती हरवली असेल तर पुढच्या चाकांना अडसर लावा, मागचे एकच चाक जॅकवर उचला, ट्रक न्यूट्रलमध्ये ठेवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. डिफरन्शियल साधे असेल तर उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा, तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तितके गुणोत्तर. साडेतीनच्या किंचित पुढे थांबला तर ३.५४, चारच्या किंचित पुढे गेला तर ४.१०. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाके बरोबर फिरवू पाहणारे) असेल तर एक चाक जमिनीवर असताना दुसरे सहज फिरणार नाही. मग दोन्ही चाके स्टँडवर उचलून एकच फेरा मोजावा. दोन्ही चाके हवेत असताना ट्रकखाली जाऊ नका, मोजणी बाजूला बसूनही होते.

दोरखंड
चकती जागेवर नाही, हे छायाचित्रांत दिसत आहे. शनिवारी खडू आणि जॅक घेऊन जातो. आकडा आला की येथे लिहीन.